ढाबळ आणि दाणे : पारव्याच्या पालनाचा पूर्वेतिहास

आपल्या भाषेत या पक्ष्याला दोन नावे आहेत. देवळाच्या शिखरावर, दीपमाळेच्या कोनाड्यात किंवा जुन्या वाड्याच्या तुळईवर बसतो तो पारवा. आणि कोणी हौसेने परसातल्या ढाबळीत सांभाळते ते कबूतर. पहिले नाव संस्कृतातील ‘पारावत’ शब्दापासून उतरले असून कोंकणीत ते ‘पारवो’ या रूपाने नांदते. दुसरे फारसीतून आले. पक्षी एकच; एकाला माणसाने पाळले आणि दुसऱ्याला पाळले नाही, एवढाच काय तो भेद. परंतु या ‘पाळण्या’चा इतिहास मोठा बोधप्रद आहे, आणि अलीकडील काही घटनांमुळे त्याचे स्मरण करून देणे अगत्याचे झाले आहे.

इ. स. २०२५ च्या जुलै महिन्यात मुंबईतील ५१ कबूतरखाने बंद करण्याचा निर्णय शासनाने जाहीर केला. पारव्यांच्या विष्ठेच्या व पिसांच्या धुळीने श्वसनाचे विकार जडतात, हे त्याचे कारण होते. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. ऑगस्टमध्ये दादरचा कबूतरखाना ताडपत्रीने झाकण्यात आला आणि अनेक श्रद्धाळू स्त्रीपुरुष दुखावल्या मनाने रस्त्यावर आले. वाद ‘आरोग्य विरुद्ध भूतदया’ असा मांडला गेला. ही मांडणी आम्हांस अपुरी वाटते. भूतदया आपल्या परंपरेत निःसंशय आहे. पण ती दया कोणत्या स्वरूपाची, आणि तिचे मोल कोणी द्यावयाचे, हा खरा प्रश्न होय. त्याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, आपल्या अतिप्राचीन वाङ्मयात कपोताचे स्वागत झालेले नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १६५ वे सूक्त कपोतासंबंधीच आहे. तेथे तो निर्ऋतीचा दूत म्हणून घरात शिरतो आणि त्याच्या येण्याने कुटुंबावर व गुरांवर अरिष्ट येऊ नये अशी देवांची प्रार्थना केली जाते. आश्वलायनाच्या गृह्यसूत्रातही कपोत घरात शिरला असता करावयाच्या शांतिकर्मात याच सूक्ताचा विनियोग सांगितला आहे. घरात पारव्याने घरटे केले की आजही काही वडीलधाऱ्या स्त्रिया चिंतित होतात, त्या समजुतीचे मूळ इतके दूरचे असू शकेल.

महाभारतात मात्र चित्र पालटते. बहिरी ससाण्याच्या भयाने एक कपोत राजा शिबीच्या मांडीवर येऊन पडतो. राजा त्याला अभय देतो. ससाणा म्हणतो, ‘हे माझे भक्ष्य आहे, तू एकाला वाचवून दुसऱ्याला उपाशी मारणार काय?’ ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो, पण तिच्यातील एका वस्तूकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ती वस्तू म्हणजे तराजू. ससाण्याची तक्रार राजाने खोटी ठरविली नाही, आणि कपोताच्या रक्षणाचा भार दुसऱ्या कोणावरही टाकला नाही. कपोताच्या भारंभार मांस त्याने स्वतःच्या देहातून कापून दिले, आणि कपोताचे पारडे वर येईना तेव्हा तो स्वतःच दुसऱ्या पारड्यात बसला. ससाणा हा इंद्र आणि कपोत हा अग्नी, हे नंतर प्रकट झाले. या कथेत दया आहे, तसे मापही आहे; आणि ते माप दया करणाराच भरतो.

शांतिपर्वात भीष्माने युधिष्ठिराला सांगितलेली कपोत व पारधी यांची कथा याच धर्तीची आहे. पारध्याने कपोतीला पिंजऱ्यात घातले आहे. थंडीपावसाने गारठून तो नेमका तिच्याच झाडाखाली येतो. पिंजऱ्यातली कपोती पतीला सांगते की, हा आपला अतिथी आहे. कपोत त्याच्यासाठी अग्नी आणतो आणि अन्न म्हणून स्वतः त्यात उडी घेतो. पंचतंत्रातील चित्रग्रीव हा कपोतांचा राजा. सर्व कळप जाळ्यासकट उडवून तो आपल्या मित्राकडे, हिरण्यक उंदराकडे, जातो आणि ‘आधी माझ्या सोबत्यांचे पाश तोड, मग माझे’ असा हट्ट धरतो. या तिन्ही कथांतून एकच सूत्र जाते: ज्याने आश्रय दिला त्याने भार उचलावा.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात याच पक्ष्याकडून निराळा उपदेश घेतला आहे. अवधूताने यदुराजाला जे चोवीस गुरू सांगितले, त्यांत कपोत हा एक आहे. कपोत आणि कपोती परस्परांच्या स्नेहात गुरफटलेली. पिले होतात, त्यांच्या किलबिलाटात ती सुख मानतात. एके दिवशी पारधी पिलांना जाळ्यात धरतो. ते पाहून आई आपणहून जाळ्यात शिरते आणि तिच्यामागून बापही. अतिस्नेहाने विवेक हरपतो, हा त्यातील बोध. संत एकनाथांनी इ. स. १५७३ मध्ये काशीक्षेत्री पूर्ण केलेल्या आपल्या भागवतटीकेत हे आख्यान मराठीत आणले आणि त्यामुळे ते आपल्या घरोघरी पोचले.

या आख्यानासाठी हाच पक्षी का निवडला गेला असावा, हे ज्याने ढाबळ पाहिली आहे त्याला उमगेल. कबुतरांची जोडी बहुधा जन्माची असते. मादी सामान्यतः दोन अंडी घालते आणि ती सुमारे सतरा-अठरा दिवस उबविली जातात. उबविण्याचे काम दोघेही करतात: दिवसाच्या मध्यभागी नर आणि उरलेला वेळ, रात्र धरून, मादी. पिले बाहेर आली की नर व मादी या दोघांच्याही गळ्यातील पिशवीत दह्यासारखा एक पौष्टिक पदार्थ तयार होतो आणि पहिले काही दिवस पिलांचे पोषण केवळ त्यावरच होते. बापाने पिलाला जणू दूध पाजावे, असे पक्षिजातीत फारच थोड्या ठिकाणी आढळते. महिना-सव्वा महिन्यात पिले उडू लागतात. पण त्याच्या आधीच मादी पुष्कळदा पुन्हा अंड्यावर बसलेली असते. प्रपंचात असा अखंड गढलेला दुसरा पक्षी अवधूताला सहज सापडला नसता.

हे निरीक्षण केवळ रानातले नव्हते. पारव्याला घराच्या बांधणीतच जागा देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. अमरकोशात ‘कपोतपालिका’ आणि ‘विटंक’ हे पारव्यांच्या बैठकीचे शब्द दिले आहेत. कालिदासाच्या मेघाला उज्जयिनीत रात्र काढावयाची आहे ती पारवे निजलेल्या एका घराच्या सज्जावर. शूद्रकाच्या मृच्छकटिकात विदूषक वसंतसेनेचा वाडा पाहत हिंडतो तेव्हा सातव्या चौकात त्याला पाळीव पक्ष्यांचा मेळा दिसतो आणि त्यात पारव्यांची जोडपी सुखाने बसलेली असतात. देवालयांच्या शिल्पशास्त्रातही भिंतीबाहेर झुकलेल्या वळणदार पागोळीच्या थराला ‘कपोत’ असेच नाव आहे. पारवा हा मुळात कड्याकपारीत राहणारा पक्षी. माणसाने दगडी देवळे उभारली तेव्हा त्याच्या दृष्टीने ते नवे कडेच होते. तो आपणहून आला आणि कायमचा राहिला.

पाळण्याची ही हौस शास्त्रात बसविण्याचे काम दक्षिणेत झाले. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणचा, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा प्रचंड ग्रंथ रचला. पाच विंशती आणि त्यांत मिळून शंभर अध्याय अशी त्याची रचना आहे. चौथ्या विंशतीत राजाचे वीस विनोद, म्हणजे करमणुकी, सांगितल्या आहेत. कोंबडे, लावे, एडके, रेडे यांच्या जोडीला त्यात ‘पारावतविनोद’ आहे. वडोदऱ्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत श्रीगोंदेकरांच्या संपादनाने या ग्रंथाचा पहिला भाग १९२५ साली प्रसिद्ध झाला. कबुतरांचा शौक मोगलांनी हिंदुस्थानात प्रथम आणला अशी जी सर्वसाधारण समजूत आहे, ती या एका अध्यायाने खोटी ठरते. मोगलांच्या पूर्वी सुमारे चारशे वर्षे दक्षिणेतील एका राजाला हा विषय ग्रंथात घेण्याइतका महत्त्वाचा वाटला होता.

मोगलांनी मात्र या शौकाला वैभव दिले, यात संशय नाही. बाबराचा बाप उमर शेख मिर्झा हा १४९४ साली अख्सीच्या किल्ल्यात मरण पावला तो कबूतरखान्यासकट दरडीवरून कोसळून. ही हकीकत बाबरानेच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. बाबराचा नातू अकबर याच्या कबुतरांचे वर्णन अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त केले आहे. या खेळाला बादशहाने ‘इश्कबाजी’ असे नाव दिले होते. वीस हजारांहून अधिक कबुतरे, त्यांतील पाचशे ‘खासा’. छावणी हलली की कबुतरेही बरोबर. हवेत गिरकी घेणे तो ‘चर्ख’ आणि कोलांटी मारणे ती ‘बाजी’. खासा कबुतराकडून पंधरा चर्ख आणि सत्तर बाज्या अपेक्षित असत. खान-ए-आझम कोका याने पाठविलेल्या ‘मोहना’ नावाच्या एका कबुतराला बादशहाने साऱ्या ताफ्याचे प्रमुख केले. निरनिराळ्या जाती एकमेकींत मिसळून अकबराने संतती सुधारली, असेही अबुल फजल अभिमानाने नमूद करतो. वैभव बाजूला ठेवले तरी एक गोष्ट डोळ्यांत भरते: संख्या, प्रतवारी, दाण्याचे प्रमाण, नोकरांचे पगार, सारे काही लिहिलेले आहे. वीस हजार पक्षी पाळणाऱ्यालाही हिशेब चुकला नव्हता.

अबुल फजलचा हा उतारा पुढे एका अनपेक्षित ठिकाणी प्रकट झाला. १८५९ साली इंग्लंडात चार्ल्स डार्विनचा जीवजातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ निघाला आणि त्याच्या पहिल्याच प्रकरणात अकबराची कबुतरे आहेत. डार्विन स्वतः घरी कबुतरे पाळी आणि लंडनच्या दोन कबूतर-मंडळांचा तो सभासद होता. हिंदुस्थानातून त्याला कबुतरांची कातडी पाठविली ती वॉल्टर एलियट या अधिकाऱ्याने, आणि त्याबद्दल ग्रंथात त्याचे आभार मानले आहेत. बेळगाव-धारवाडच्या वाचकांना हे नाव अपरिचित नसावे. १८२४ च्या ऑक्टोबरात कित्तूरच्या राणी चन्नम्मेच्या सैन्याने थॅकरेचा पराभव केला, त्या वेळी कित्तूरकरांच्या हाती लागलेल्या दोन तरुण इंग्रज अधिकाऱ्यांपैकी एक तो हाच. पुढे त्याने या ‘दक्षिण मराठा मुलखा’तील सस्तन प्राण्यांची सूचीही तयार केली. कबुतरांविषयीच्या एका जुन्या फारसी पुस्तकाचा अनुवादही त्याने डार्विनला पुरविला.

डार्विनने या पक्ष्यांवर एक प्रयोग केला. पंख्यासारखी शेपटी फुलविणारी, ज्यांना आपण लक्का म्हणतो ती, पांढरीशुभ्र कबुतरे आणि दुसऱ्या जातीची काळीभोर कबुतरे यांचा त्याने संकर केला. त्या संततीचा पुन्हा आपसात संकर केला. तेव्हा नातवंडांत एक पक्षी असा निघाला की, त्याचा निळसर राखी रंग आणि पंखांवरील दोन काळे पट्टे पाहता तो रानटी पारवाच वाटावा. आजा पांढरा, आजी काळी, आणि नातू मात्र पारवा. लक्का, शिराजी, हवेत कोलांट्या घेणारे गिरेबाज, किंवा हलवून जमिनीवर ठेवताच एकसारखे लोळू लागणारे लोटण, या सर्वांचा मूळ पुरुष एकच, हा सिद्धांत त्याने यावरून दृढ केला. ढाबळीतले कबूतर आणि शिखरावरचा पारवा यांचे कूळ एक, असे प्रारंभी म्हटले ते या आधारावर. जे वेगळेपण दिसते ते माणसाने पिढ्यान्‌पिढ्या लक्ष दिल्यामुळे टिकलेले असते. लक्ष सुटले की ते विरून जाते.

हे लक्ष म्हणजे काय, ते ढाबळ राखणाऱ्याच्या दिनक्रमात दिसते. ढाबळ जमिनीपासून उंच, कोरडी आणि सकाळचे ऊन येईल अशी असावी लागते. प्रत्येक जोडीला दोन खण द्यावे लागतात. कारण पहिली पिले उडण्यापूर्वीच दुसरी अंडी येतात. ज्वारी, बाजरी, मका, हरभरा असा मिसळीचा दाणा, पचनासाठी बारीक खडे, पिण्यास व नाहण्यास निराळे पाणी, रोज विष्ठा खरवडून काढणे, मांजर-मुंगसांपासून राखण, हे सारे आलेच. जोड लावताना नर-मादीला प्रथम शेजारच्या खणांत, मध्ये जाळी ठेवून, काही दिवस एकमेकांना पाहू देतात आणि मग एकत्र करतात. नवे पक्षी काही आठवडे बंद ठेवतात. नंतर संध्याकाळच्या दाण्याआधी, भुकेल्या पोटी, मोकळे सोडतात आणि डबा वाजवून परत बोलावतात. एकदा घर ओळखले की पक्षी दूरवरूनही परत येतो. सूर्य, पृथ्वीचे चुंबकत्व, वास आणि ओळखीच्या खुणा यांचा त्याला उपयोग होतो असे शास्त्रज्ञ सांगतात. ढाबळीचे दार उघडे असते, तरी तो येतो. पाळणारा व पाळलेला यांतील हा करार दोन्ही बाजूंनी पाळला जातो. याच कराराच्या बळावर ओरिसाच्या पोलिसांनी १९४६ साली लष्कराकडून कबुतरे घेऊन निरोप्यांचे पथक उभारले, आणि १९४८ साली पंडित नेहरूंनी संबलपुराहून कटकला धाडलेला निरोप अशाच एका पक्ष्याने पोचविला.

आता रस्त्यावर किंवा देवळाच्या आवारात पोते रिकामे करणाऱ्याचा विचार करू. त्याचा हेतू शुद्ध असतो, याविषयी आम्हांस शंका नाही. पण तो पक्षी मोजीत नाही, ओळखीत नाही, आजारी पक्षी निराळा काढीत नाही आणि विष्ठा झाडीत नाही. पुण्य त्याच्या पदरी पडते आणि भार पडतो तो शेजारच्या दमेकऱ्यावर, झाडणाऱ्या माणसावर, देवळाच्या दगडावर. पारव्यांच्या धुळीने फुप्फुसाला येणारी सूज ही काही कोणी रचलेली सबब नव्हे. कबुतरे पाळणाऱ्यांतच हा विकार आढळून १९६५ साली वैद्यकीय वाङ्मयात त्याचे वर्णन आले. ढाबळवाल्यालाही त्यातून सूट नाही. म्हणूनच तो संख्या आवरतो, तोंडावर फडके बांधतो आणि रोज साफ करतो. ‘भारतातील पक्ष्यांची स्थिती’ या २०२३ च्या अहवालात संख्या वाढत असलेल्या पक्ष्यांत पारव्याची गणना आहे, आणि त्याच अहवालात इतर अनेक पक्ष्यांची संख्या घटत असल्याचे दाखविले आहे. म्हणजे आपला दाणा नेमका त्याच पक्ष्याला मिळतो ज्याला त्याची गरज सर्वांत कमी.

कोणी विचारील, ‘मग पक्ष्यांना उपाशी मारावे काय?’ ससाण्याचा प्रश्नही असाच होता. याचे एक उत्तर स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराने दिले आहे. पुष्कळ वर्षे पारवे मारूनही तेथे त्यांची संख्या घटेना. कारण अन्न मुबलक असले की उरलेले पक्षी अधिक पिले वाढवितात. १९८८ पासून तेथे लोकांना दाणे टाकणे कमी करण्याविषयी समजावण्यात आले, त्याच वेळी देखरेखीखालील ढाबळी बांधण्यात आल्या, आणि सुमारे चार वर्षांत पारव्यांचे थवे निम्म्यावर आले. मुठी आवरल्या म्हणून पिले कमी झाली. जी झाली ती धडधाकट राहिली. हिंसेने जे साधले नाही ते मापाने साधले.

आपल्या देवस्थानांच्या समित्यांनी या इतिहासाचा विचार करावा, अशी आमची नम्र सूचना आहे. पारव्यांवर प्रेम असेल तर आवाराच्या एका कडेला, वस्तीपासून व पाकशाळेपासून दूर, मोजक्या जोड्यांची ढाबळ राखता येईल. तिच्या दाण्याचा आणि सफाईचा खर्च देणगीदारांनी उचलावा, सेवेची पाळी भक्तांनी लावून घ्यावी आणि वर्षाकाठी पक्ष्यांची संख्या जमाखर्चाबरोबर फलकावर लिहावी. ते झेपणार नसेल तर दाण्याचे पैसे अन्नछत्रात किंवा जखमी पशुपक्ष्यांच्या उपचाराला द्यावेत आणि शिखरावरच्या पारव्याला त्याच्या कड्यावर सुखाने राहू द्यावे. दोन्ही मार्गांत दया आहे. फक्त पारड्यात काय घालावयाचे आणि ते कोणी, हे आधी ठरवावे लागेल. शिबीने ते दुसऱ्या कोणाला विचारले नव्हते.